तिकडंच बरं हाये त्याले!



गेल्या दोन-तीन वर्षांत हे एक वाक्य मी निदान पाच-सहा तोंडांतून ऐकलं. साक्षगंधाच्या मांडवात ऐकलं, तेरवीच्या पंगतीत ऐकलं, दिवाळीनंतर मंडईला आलेल्या पाहुण्यांच्या गप्पांत ऐकलं. "तिकडंच बरं हाये त्याले. कायले येते इकडे म्हातारपणी?" बोलणारी सगळी माणसं चांगली आहेत. अडीअडचणीला धावून येणारी आहेत. वाक्यही ऐकायला मायेचं आहे. पण त्याचा सरळ अर्थ "इथे नको" एवढाच होतो, आणि आज मला त्याच्याशीच भांडायचं आहे. हा ब्लॉग वाचणारे निम्मे लोक माझे नातेवाईकच आहेत, तेव्हा कुणाला उद्देशून लिहिलं आहे हे कोड्यात ठेवायचं कारण नाही.

ज्याच्याबद्दल हे बोललं जातं तो माझा भाचा, माझ्या थोरल्या बहिणीचा मधला मुलगा. वय वर्षं एकसष्ट. पवनीत वाढला, नागपूरला इंजिनियर झाला, १९८९ साली अमेरिकेला गेला. तो समलिंगी आहे. त्याचा जोडीदार तामिळ आहे, दोघं १९९८ पासून एकत्र राहतात. न्यू जर्सी राज्यात अशी लग्नं ऑक्टोबर २०१३ पासून नोंदवली जाऊ लागली, यांनी दुसऱ्याच वर्षी केलं. आता दोघांचं नोकरीचं संपत आलं आहे आणि दोघांना पवनीला येऊन राहायचं आहे. घर आहे, घरात त्याचा तिसरा हिस्सा आहे. (हे सगळं त्याला विचारून लिहिते आहे. "मावशी, नाव सोडून काहीही लिही," असं म्हणाला.)

आता आधी हे बघू की तो गेला कशाला. आपल्याकडे सांगतात की डॉलरसाठी गेला. डॉलर होतेच, ते कुणाला नको असतात! पण त्याच्याबरोबर गेलेल्या मुलांपैकी कितीतरी जण दर दोन वर्षांनी "आता परत येतो" म्हणत होते, हा एकटा कधी म्हणाला नाही. कारण १८६० साली इंग्रजांनी करून ठेवलेल्या दंडविधानातलं ३७७ कलम. त्यात अशा संबंधाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा लिहिलेली होती. प्रत्यक्षात फार लोक तुरुंगात गेले नसतील, पण पोलिसाला धमकवायला आणि ओळखीच्याला पैसे उकळायला तेवढं पुरे होतं. आणि कलमापेक्षा मोठं कलम म्हणजे घरातलं! "मुलगी पाहून ठेवली आहे, सुट्टीत ये आणि उरकून टाक." त्या काळी मुंबईत अशोक राव कवी 'बॉम्बे दोस्त' काढू लागले होते (१९९०), मग १९९४ साली हमसफर ट्रस्ट आली. पवनीच्या मुलाला यातलं काय ठाऊक असणार? त्याला एवढंच ठाऊक होतं की लांब गेलं तर कुणाच्या मुलीचं आयुष्य खराब करावं लागणार नाही. मी तर म्हणेन की त्याने सरळपणा केला. जे राहिले आणि उरकून टाकलं, त्यांच्या बायकांना विचारा.

त्या पिढीतल्या पुरुषांचं म्हातारपणाबद्दलचं मत ठरलेलं होतं. परत जायचं नाही. आईबाप आहेत तोवर भेटीला जायचं, ते गेले की तेही संपलं. मग हे मत बदलू लागलं. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७ चा फास सैल केला, तेव्हा भाच्याने पहिल्यांदा फोनवर विचारलं की पवनीचं घर कसं आहे, कवेलू फेरले का. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, घराचं विचारणं बंद झालं. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं गुन्हा नाही, आणि पुन्हा विचारणं सुरू झालं. निकालाची बातमी दिल्लीची, पण आमच्या घरात ती कवेलूपर्यंत पोचायची!

आणि हा काही एकट्या माझ्या भाच्याचा विचार नाही. पुण्याचे बिंदुमाधव खिरे अमेरिकेतली नोकरी सोडून परत आले आणि २००२ साली त्यांनी समपथिक ट्रस्ट काढली, तेही ३७७ डोक्यावर असताना. आपल्या विदर्भातच बघा. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका यवतमाळच्या इंजिनियरने आपल्या जोडीदाराशी लग्नाचा समारंभ यवतमाळात येऊन केला. तेव्हा ३७७ जिवंत होतं. यवतमाळ काही बुडालं नाही. नागपुरात सारथी ट्रस्ट आहे, रस्त्यावरून अभिमान यात्रा निघते. म्हणजे ज्यांना आपण "तिकडचे" म्हणतो ते इकडचेच आहेत आणि इकडे पाहून राहिले आहेत.

तर आता आपल्या मंडळींचे मुद्दे एकेक करून घेते. शाळेत फळ्यावर लिहायची सवय होती, तसंच.

पहिला मुद्दा, "तिकडे सोयी आहेत." आहेत ना. रस्ते आहेत, दवाखाने आहेत. पण म्हाताऱ्या माणसाला रोज उठवून बसवायला, आंघोळ घालायला, जेवू घालायला माणूस लागतं, त्याचं काय? पासष्टीनंतर तिथे मेडिकेअर नावाचा सरकारी विमा मिळतो, पण अशी कायमची शुश्रूषा त्यात येत नाही. ती स्वतःच्या खिशातून, आणि तो खर्च भल्याभल्यांची शिल्लक संपवतो. उलट दहा वर्षं कर भरून कमावलेलं तिथलं सरकारी निवृत्तिवेतन अमेरिकन नागरिकाला भारतात राहूनही मिळतं. मेडिकेअर मात्र इथे चालत नाही. म्हणजे हिशेब दोन्हीकडे तुकड्यातुकड्याचा आहे. हा हिशेब त्याने करायचा की आपण मांडवात बसून?

आणि सोयीचं म्हणाल तर भाषा ही सोय नाही का? माझ्या माहितीतल्या दोन म्हाताऱ्या बायांना शेवटी विसरण्याचा आजार झाला. एक शहरात लेकाकडे होती, फाडफाड हिंदी-इंग्रजी बोलायची. शेवटच्या वर्षात फक्त लहानपणची बोली उरली, लेकीशिवाय कुणाला कळेना. शिकलेली भाषा आधी निसटते, आईची भाषा शेवटपर्यंत राहते, असं पुष्कळदा दिसतं. न्यू जर्सीच्या कुठल्या परिचारिकेला कळणार आहे की या माणसाला लाखोळीची डाळ पाहिजे?

दुसरा मुद्दा, "लोक काय म्हणतील? आपल्या पोरीबाळींच्या सोयरिकी अडतील." हा मुद्दा खरा भीतीचा आहे, म्हणून त्याची टिंगल करत नाही. पण मला सांगा, याच भाच्याने पाठवलेल्या पैशांतून दोन पुतण्यांचं शिक्षण झालं, एका पुतणीचं लग्न झालं. तेव्हा वरपक्षाला "काका अमेरिकेत असतात" हे छाती फुगवून सांगितलं गेलं. काका अमेरिकेत असले की सोयरीक जुळते आणि छपरीत येऊन बसले की मोडते, हा कुठला न्याय? बरं, लोकांना माहीत नाही असं तुम्हाला वाटतं का? एकसष्ट वर्षांचा बिनलग्नाचा माणूस, सत्तावीस वर्षं एकाच मित्राबरोबर राहतो. पवनीतल्या लोकांना हिशेब येतो हो! ते बोलत नाहीत, कारण आपण लपवतो. आपण सरळ सांगितलं तर चार दिवस बोलतील आणि पाचव्या दिवशी धानाच्या भावाकडे वळतील.

तिसरा मुद्दा, "आता कायदा झाला ना, मग आता काय अडचण?" हा मुद्दा तरुण मंडळी करतात, कौतुकाने करतात. मला याचा राग जास्त येतो. २०१८ ला काय झालं? तर गुन्हा संपला. नातं सुरू झालं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की अशा लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. म्हणजे माझ्या भाच्याचा विमान उतरेपर्यंत नवरा असलेला माणूस नागपुरात उतरल्याबरोबर कायद्याने परका होतो.

याचा अर्थ काय होतो ते सांगते. २०२२ साली दोघं भेटीला आले असताना भाच्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, पित्ताशयाचं ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. जोडीदार कागदावर सही करायला पुढे झाला तर विचारलं, "तुम्ही कोण?" तो म्हणाला, "घरचा." "नातं सांगा." आता काय सांगणार! पवनीहून धाकटा भाऊ दोन तास गाडी हाणत पोचेपर्यंत ते दोघं तसेच थांबले. एकाला कळा, दुसऱ्याच्या हातात पेन. चोवीस वर्षांचा संसार त्या खिडकीवर दोन तास बिनकामाचा ठरला. मी बाजूच्या बाकावर बसून होते. मावशी म्हणून माझी सहीदेखील चालेना, "भाऊ येऊ द्या" म्हणाले. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या दवाखान्यात वेगळं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

आणि मृत्यूनंतरचं तर विचारूच नका. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या दृष्टीने माझा भाचा अविवाहित. आईबाप गेलेले, मूल नाही, तेव्हा मृत्युपत्र नसेल तर घरातला हिस्सा भावा-बहिणींकडे जाणार. ज्याने सत्तावीस वर्षं त्याला औषधं दिली त्याला एक फळीसुद्धा नाही. "तिकडंच बरं हाये" या वाक्याच्या पोटात हा हिस्सा तर नाही ना, असा प्रश्न मला पडतो. कुणाला झोंबला तर झोंबू दे. पण त्याबरोबर हेही ध्यानात ठेवा की ज्येष्ठांच्या देखभालीचा २००७ चा कायदा म्हणतो, मूल नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, त्या नातेवाइकाने त्याला सांभाळायचं. हिस्सा पाहिजे तर म्हातारा पण पाहिजे. कायदा दोन्ही एकाच ताटात वाढतो.

चौथा मुद्दा, "ही पाश्चात्त्यांची थेरं, तिकडेच शोभतात." बाबांनो, थेरं जर पाश्चात्त्य कुठली असतील तर ते ३७७ कलम! ते इंग्रजांनी आणलं. त्यांनी त्यांच्या देशात १९६७ साली तो गुन्हा काढायला सुरुवात केली, आपण २०१८ पर्यंत जपून ठेवला. आणि तिकडे तरी सगळं आबादीआबाद आहे असं कोण म्हणतो? अमेरिकेत २६ जून २०१५ ला देशभर अशा लग्नांना मान्यता मिळाली. पण पुढे कुणी फिरवलं तर काय, या काळजीने २०२२ च्या डिसेंबरात त्यांना संसदेत वेगळा कायदा करावा लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो जुना निकाल उलटवण्याची एक मागणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला, तेव्हा माझ्या भाच्याला नीट झोप लागली. म्हणजे "तिकडे" सुद्धा माणूस निकालाच्या तारखा मोजतच झोपतो.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावते, नाहीतर म्हणाल बाई एकाच बाजूला छडी मारतात. भाच्याच्या ओळखीची जी पन्नाशी-पंचावन्नची मुलं आहेत (मला मुलंच!), त्यांच्यात आता नवा विचार निघाला आहे. इथे राहणारेही म्हणतात की म्हातारपणी थायलंडला जाऊ. तिथे पन्नाशी ओलांडलेल्याला निवृत्तीचा व्हिसा मिळतो, बँकेत आठ लाख बात ठेवा की झालं. शिवाय २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी लग्न कायदेशीर झालं. पूर्वीचे भीतीने जात होते, हे हिशेब करून जाऊ पाहतात. समुद्र आहे, स्वस्ताई आहे, कुणी विचारत नाही.

कुणी विचारत नाही हेच मला खटकतं. तिशीत कुणी विचारलं नाही तर बरं वाटतं. ऐंशीत कुणी विचारलं नाही तर माणूस दोन दिवस न्हाणीघरात पडून राहतो. तुम्ही जाऊ नका असं मी म्हणत नाही, ज्याला जिथे मोकळा श्वास येतो तिथे त्याने जावं. पण "आपल्या गावात आपल्याला जागा नाहीच" हे तुम्ही इतक्या लवकर कबूल करून टाकू नका. तुम्ही कबूल केलं की आमच्यासारख्यांचं भांडण अर्धं हरल्यासारखं होतं. जागा मागणारा आला तर जागा करावी लागते. मागणाराच बँकॉकला गेला तर इथले लोक म्हणणार, पहा, आम्ही म्हणत नव्हतो!

पण नुसत्या भावनेने येऊ नका, हेही सांगते. मी आमच्या दोघांना बजावलं आहे की तिकिटाच्या आधी कागद. दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं करायची, दोन साक्षीदारांच्या सह्या, नोंदणी सक्तीची नसली तरी करून टाकायची. बँकेत संयुक्त खातं काढायचं. त्याला आडकाठी नाही आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून मृत्युपत्र पाहिजेच. आपण बेशुद्ध असताना उपचार चालू ठेवायचे की थांबवायचे हे कुणी ठरवायचं, याचं वैद्यकीय इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलं. २०२३ पासून ते नोटरीसमोर करता येतं आणि त्यात आपल्या विश्वासाच्या माणसाचं नाव घालता येतं. शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच घरचे धरावेत आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव मिळावं, असंही केंद्राने २०२४ साली राज्यांना कळवलं आहे. हे सगळं लग्नाच्या एका दाखल्याची बरोबरी करत नाही. पण हातात कागद असला की खिडकीवरचा माणूस जरा सांभाळून बोलतो, हा माझा पेन्शन काढतानाचा अनुभव!

राहता राहिलं ते, जे कुठलंच न्यायालय देणार नाही आणि कुठलंच हिरावूनही घेऊ शकणार नाही. ते आपल्या हातात आहे. लग्नपत्रिकेवर काकाचं नाव छापतो तिथे त्याच्या जोडीदाराचं नाव छापायचं. पंगतीत दोघांचं पान शेजारी मांडायचं. पोरांनी त्यालाही काका म्हणायचं, "काकाचे मित्र" नाही. दवाखान्यात भाऊ म्हणून सही करायची वेळ आली तर आधी त्याला विचारायचं आणि मग करायची. आणि त्यांच्यातला एक आधी जाईल तेव्हा दुसऱ्याला घरातून "आता तुम्ही तुमच्या गावी जा" असं म्हणायचं नाही. यातलं एकही काम अवघड नाही. एकालाही पैसा लागत नाही. मग अडतं कुठे?

अडतं ते एवढ्यावरच की लांब असलेल्या माणसावर प्रेम करायला काही करावं लागत नाही. फोन आला की "कसा आहेस बापू" म्हटलं की झालं. तो छपरीत येऊन बसला की पाणी द्यावं लागतं, शेजाऱ्याला ओळख करून द्यावी लागते, आणि ओळख करून देताना शब्द वापरावा लागतो. तो शब्द मी ठरवला आहे. मी दोघांची ओळख "हा माझा भाचा आणि हे आमचे जावई" अशी करून देणार आहे. व्याकरणात बसतं की नाही ते बसवून घेईन, चाळीस वर्षं मराठी शिकवलं आहे.

असो. फार लांबलं. येत्या दिवाळीला दोघं येत आहेत, मंडईपर्यंत राहणार आहेत, मागची खोली आणि न्हाणीघर दुरुस्त करून घ्यायचं काम त्याच वेळी सुरू होईल. गवंडी ठरला आहे, विसार दिला आहे. ज्यांना हरकत असेल त्यांनी मांडवाच्या कोपऱ्यात कुजबुजण्यापेक्षा इथे खाली लिहावं, नाव घालून लिहावं. मी प्रत्येकाला उत्तर देईन. आणि ज्यांना हरकत नाही त्यांनीही लिहा हो, कारण या बाबतीत गप्प बसणाऱ्यांची मोजणी "नको" म्हणणाऱ्यांतच होते.